मधुमेह आणि ईईसीपी : घाट चढून उपचाराला जाणाऱ्या कोकणातल्या माणसांसाठी

आमच्या घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे. दोन वर्षांपूर्वी ती चढताना मी तीन ठिकाणी थांबायचे. पहिल्यांदा फणसाखाली, मग वळणावर, मग देवळाच्या गडग्याला टेकून. छातीत दुखायचं नाही, नुसतं भरून यायचं आणि जबडा जड व्हायचा. शुगर सतरा वर्षांची. अँजिओग्राफीत कळलं की तिन्ही रक्तवाहिन्या लांबवर आणि थोड्या थोड्या अरुंद झाल्या आहेत. स्टेंट बसवायला नेमकी जागा नाही, आणि बायपासचा सांधा जोडायला पुढची नळी फार बारीक. गोळ्या वाढवल्या, पण वळणावरचं थांबणं काही सुटलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी ईईसीपीचं, म्हणजे पायांना हवेचे पट्टे बांधून हृदयाकडे रक्त रेटणाऱ्या उपचाराचं, नाव घेतलं.

मी जैतापूरच्या खाडीकाठची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलगा मुंबईला, घरी मी आणि हे. कोल्हापूरला थोरल्या बहिणीकडे राहून मी त्या उपचाराचे पस्तीस तास पुरे केले. त्या काळात ज्या गोष्टी मला कोणी सांगितल्या नाहीत आणि ज्या सांगितल्या असत्या तर एक जखम आणि एक आख्खा आठवडा वाचला असता, त्या इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या औषधांचं आणि तपासण्यांचं तुमच्याच डॉक्टरांना विचारा, पण विचारायचं काय ते इथून घ्या.

१. हा उपचार नेमका काय आहे ते आधी समजून घ्या

पाठीवर झोपायचं. दोन्ही पायांना हवेचे रुंद पट्टे बांधतात. एक जोडी पोटऱ्यांना, दुसरी मांडीच्या खालच्या भागाला, तिसरी मांडीच्या वरच्या भागाला आणि बैठकीला. छातीवर ईसीजीचे तीन बिल्ले आणि बोटाला एक चिमटा. मशीन तुमचा ईसीजी वाचत राहतं. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं आणि मग क्षणभर सैल पडतं. त्या सैल क्षणी पट्टे खालून वर, पोटरी, मांडी, बैठक अशा क्रमाने फटाफट फुगतात आणि पायांतलं रक्त वर रेटतात. पुढचा ठोका पडायच्या आत सगळे पट्टे एकदम रिकामे होतात, म्हणजे हृदयाला पुढचं रक्त ढकलायला समोरचा अडसर कमी. प्रत्येक ठोक्याला हेच, तासभर.

सैल क्षणीच का? कारण हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला बहुतेक रक्त तो सैल असतानाच मिळतं. वहाळाचं पाणी उसाच्या पाटात वळवायला दार उघडं असायला लागतं, तसंच. शिवाय रक्ताचा वेगाचा प्रवाह रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासून गेला की ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि नळ्या सैल होतात. मधुमेहात बिघडतं ते मुख्यतः हेच अस्तर, म्हणून हा उपचार मधुमेहींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा चर्चेत येतो.

पट्ट्यांतला दाब पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. रक्तदाब मोजताना दंड आवळतो त्याहून हे बरंच जोरात असतं. दुखत नाही, पण पहिल्या दिवशी कोणीतरी पाय धरून हिसके देतंय असं वाटतं. टाके नाहीत, भूल नाही, सुई नाही. ठरलेला कोर्स पस्तीस तासांचा, म्हणजे रोज एक तास, आठवड्याला पाच दिवस, सात आठवडे. काही ठिकाणी दिवसाला दोन तास देऊन निम्म्या दिवसांत संपवतात. मधुमेहींनी त्या घाईत पडू नये असं माझं ठाम मत आहे. का, ते पायांच्या भागात येईल.

२. तुम्हाला तो हवा आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञाला ठरवू द्या

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ मध्ये ईईसीपीला अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत भरून येण्याच्या त्रासासाठी, मान्यता दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मस्ट-ईईसीपी नावाच्या चाचणीत १३९ रुग्ण होते. काहींना खरा दाब दिला आणि काहींना नावापुरता ७५ मिलिमीटरचा. खरा दाब घेतलेल्यांच्या छातीतल्या त्रासाच्या वेळा कमी झाल्या आणि व्यायाम करताना ईसीजीत बदल दिसायला जास्त वेळ लागला. म्हणजे या उपचाराचा खरा आधार छातीच्या त्रासासाठी आहे.

मधुमेहींवर लहान लहान अभ्यास झाले आहेत आणि त्यांत साखर थोडी सुधारलेली दिसली आहे. पण मूठभर माणसांवरचे ते अभ्यास. नुसती शुगर खाली यावी म्हणून कोणी पस्तीस तास पट्टे बांधून घेऊ नयेत. माझी स्वतःची तीन महिन्यांची सरासरी कोर्सनंतर थोडी उतरली. पण त्या दिवसांत ताईच्या घरी मी वेळेवर जेवत होते, रोज चालत होते आणि दुपारची आंबापोळी बंद होती. श्रेय कशाला द्यायचं ते मी सांगू शकत नाही.

तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा : माझा त्रास अंजायनाचाच आहे का? स्टेंट किंवा बायपास करण्यासारखं काही असेल तर ते टाळून मी इकडे जाते आहे, असं तर होत नाही ना? मुख्य नळीत मोठा अडथळा असताना ऑपरेशनच्या भीतीने इकडे वळलेली माणसं मी त्या सेंटरमध्ये पाहिली. भीती मला समजते, मीही घाबरलेच होते. पण बायपासचा सल्ला मिळाला असेल तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय त्याला नाही म्हणू नका.

आणखी एक. मधुमेहींना छातीत दुखतच असं नाही. नसा बधिर झाल्यामुळे नुसती धाप लागते, थकवा येतो किंवा घाम फुटतो. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. पाखाडी, विहीर, मळा, कुठे किती वेळा थांबावं लागतं ते आठवडाभर कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना द्या. माझं दुखणं डॉक्टरांना समजलं ते त्या कागदामुळे.

३. यांनी ईईसीपी घेऊ नये

खालीलपैकी काहीही असेल तर सेंटरला जायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. सेंटरवाले विचारतील म्हणून थांबू नका.

– पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी, आता किंवा अलीकडे झालेली. पट्ट्यांनी ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.
– महाधमनीच्या झडपेतून बरीच गळती किंवा पोटातल्या महाधमनीला फुगवटा.
– १८०/११० च्या वर असलेला, औषधांनीही न उतरणारा रक्तदाब.
– ठोके फार अनियमित असणं. मशीन ईसीजीवर चालतं, लयच चुकली तर पट्टे चुकीच्या वेळी फुगतात.
– पायांच्या धमन्यांत फार मोठा अडथळा, पायावर उघडी जखम, कुजकं बोट, संसर्ग.
– रक्तस्रावाचा आजार. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर ताजा आयएनआर रिपोर्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) दाखवल्याशिवाय बसू नका.
– गरोदरपण.
– अंगावर सूज आणि झोपल्यावर दम, म्हणजे हृदय नुकतंच थकलेलं असणं. ते आधी औषधांनी सावरावं लागतं.
– मांडीतून झालेली ताजी अँजिओग्राफी. एक-दोन आठवडे जाऊ द्या.

४. आधीच्या तपासण्या

ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), पायांचा कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी (शिरांचाही आणि धमन्यांचाही, दोन्ही म्हणून सांगा), पोटाची सोनोग्राफी, एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन. बहुतेक तपासण्या जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी होतात. त्या घाट चढायच्या आधी इकडेच करून घ्या. तिकडे जाऊन डॉपलरच्या रांगेत दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही.

घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात. मधुमेहात पायाच्या धमन्यांच्या भिंतींत चुना साचून त्या कडक होतात, दाबल्या जात नाहीत, आणि मग हा आकडा खोटा चांगला येतो. १.४ च्या वर आला तर "उत्तम रक्तपुरवठा" असा अर्थ काढू नका. अंगठ्याचा दाब किंवा डॉपलर बघायला सांगा. माझ्या रिपोर्टवर शेजारच्या गावातले एक ओळखीचे गृहस्थ "अरे वा" म्हणाले होते. माझ्या डॉक्टरांनी मात्र लगेच भुवया आकसल्या.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही करून घ्या. पडद्यातून कधी रक्तस्राव झाला असेल तर ते डोळ्यांच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना माहीत हवं.

५. पाय. इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते याबद्दल, कारण माझं चुकलं ते इथेच.

आपण कोकणातली माणसं पायांना फार गृहीत धरतो. खळ्यात अनवाणी, देवळात अनवाणी, लावणीला दिवसभर चिखलात, मे महिन्यात तापलेल्या कातळावर. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि आपण खोबरेल लावून गप्प बसतो. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असल्या की काटा, भाजणं, फोड यातलं काहीच कळत नाही. अशा पायांवर रोज तासभर दाबाचे पट्टे बांधायचे, म्हणजे काय होऊ शकतं ते बघा.

पाचव्या दिवशी रात्री ताई माझ्या पायाला तेल लावायला बसली. उजव्या गुडघ्याच्या मागे दोन बोटं लांबीची कातडी सोललेली. ताई म्हणाली, "अगो, हे काय झालंय? तुला दुखत नाही?" मला खरोखरच काही जाणवलं नव्हतं. पँटला पडलेल्या एका चुणीवर पट्टा आला होता, आणि ती चुणी तासभर, प्रत्येक ठोक्याला, त्याच जागी घासत राहिली होती. बांधणाऱ्या मुलीने चुणी बघितली नाही, पण मीही हात फिरवून बघितलं नव्हतं. आठवडाभर उपचार थांबला. जखम भरली हे नशीब.

म्हणून सुरू करण्यापूर्वी :

क) डॉक्टरांकडून मोनोफिलामेंट चाचणी करून घ्या. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून कळतं का ते बघतात, दोन मिनिटांचं काम. तंतू कळला नाही तर सेंटरच्या फायलीवर मोठ्या अक्षरात "पायांना संवेदना कमी" असं लिहून घ्या.

ख) चिखल्या, भेगा, कुरूप, नखाची उलटी वाढ, सगळं बरं झाल्यावरच सुरुवात करा. कुरूप घरी ब्लेडने कापू नका.

ग) पैंजण, जोडवी काढून ठेवा. मला जोडवी काढायला जीवावर आलं होतं. तिकडे येणाऱ्या बऱ्याच जणींचं तसंच झालं. पिशवीत जपून ठेवा, संध्याकाळी घाला.

आणि रोज :

घ) साडी, परकर, लुंगी चालत नाही. अंगाला घट्ट बसणारी, शिवण नसलेली किंवा शिवण बाहेरून असलेली लेगिंग लागते. दोन-तीन घ्या, रोज धुतलेली घाला. खिसा, बटण, नाडीची गाठ असलेली पँट नको. साठीच्या वयात लेगिंग घालायला संकोच वाटतो, मलाही वाटला. वरून लांब कुर्ता घातला की होतं, आणि महिला तंत्रज्ञ असेल त्याच वेळेची अपॉइंटमेंट मागून घ्या.

च) पट्टे बांधून झाले की स्वतः हात फिरवा. चुणी लागली तर "परत बांधा" म्हणा. गुडघ्याची मागची बाजू, नडगी आणि घोट्याचं हाड या तीन जागा जास्त सोलतात. तिथे जादा कापड किंवा स्पंज घालून देतात, पण बहुतेक ठिकाणी ते मागावं लागतं.

छ) तास संपला की तिथेच पाय बघा. रात्री परत बघा. तळव्याला आरसा, मागच्या बाजूला घरातलं दुसरं माणूस. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. फोड, काळानिळा डाग, सोललेली जागा दिसली तर दुसऱ्या दिवशी पट्टे बांधायच्या आधी दाखवा.

ज) पाय दुखले म्हणून गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, गरम पाण्याचं घमेलं यातलं काहीही नको. बधिर पाय भाजतात आणि सकाळीच कळतं.

दिवसाला दोन तास नको म्हणाले ते याचसाठी. मधल्या तेवीस तासांत कातडीला सावरायला वेळ मिळतो आणि तुम्हाला बघायला.

६. कागद आणि पैसे

सोबत हे घ्या : अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी (नुसता रिपोर्ट पुरत नाही), जुन्या ऍडमिशनचं डिस्चार्ज कार्ड, वरच्या तपासण्या, हृदयरोगतज्ज्ञाची चिठ्ठी, सगळ्या गोळ्यांची पानं (नाव लिहून नेण्यापेक्षा पानंच न्या), आधार, रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. पावसाचे दिवस असतील तर सगळं प्लास्टिकच्या फायलीत.

विम्याबद्दल आधीच सावध करते. बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींत वगळलेल्या उपचारांच्या यादीत ईईसीपीचं नाव असतं. एजंट "होऊन जाईल" म्हणाला तरी पॉलिसीचं पुस्तक उघडून ती यादी वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारायचं असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे जा.

सेंटरकडून दर लेखी घ्या : एका तासाचे किती, पस्तीसचे किती, मधे थांबावं लागलं तर उरलेल्याचं काय. सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका. पहिले पाच-सहा तास अंगाला कसे मानवतात ते बघून पुढचे भरा.

७. सात आठवडे कुठून काढायचे

रायगड आणि उत्तर रत्नागिरीची माणसं पनवेल-मुंबईकडे जातात, सिंधुदुर्गातली गोव्याला किंवा कोल्हापूरला, आमच्या राजापूर भागातली ओणी-पाचलवरून अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला. रोज ये-जा करून हा कोर्स होत नाही. सोमवार ते शुक्रवार राहायची सोय बघा, शनिवार-रविवार हवं तर घरी.

पावसाळ्यात सुरुवात करू नका. जून ते ऑगस्ट घाटात दरडी कोसळतात, रस्ता बंद पडतो, तुमचे तास बुडतात. त्यात लावणी, त्यात चिखल्या. गणपती आले की चाकरमानी येतात, घर भरतं, मग घरातल्या बाईला कोण जाऊ देतो? शिमगाही तसाच. आंब्याच्या हंगामात बागवाल्यांना सवड नसते. माझ्या मते दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ उत्तम. हवा थंड, पाय कोरडे, रस्ते उघडे. मी नोव्हेंबरात सुरू केलं होतं.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या वर पूर्ण मोफत. गोव्याला जाणाऱ्यांना ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. चार-पाच तास बसून प्रवास झाला की पायांत सूज येते, म्हणून पोहोचल्या दिवशीच पहिला तास ठेवू नका. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजलेला, गरम किंवा दुखरा वाटला तर पट्टे बांधू देऊ नका, आधी दाखवा.

८. रोजचा तास

जेवण दोन तास आधी, हलकं. पेजेवर पेज पिऊन लगेच झोपलात तर पोटावरच्या हिसक्यांनी मळमळतं. माझं ठरलेलं होतं : एक घावणा किंवा अर्धी नाचणीची भाकरी, मुगाची उसळ. उपाशी मात्र अजिबात जायचं नाही.

शुगर मोजूनच टेबलवर चढा. शंभरच्या आत असेल तर काही खाऊन थांबा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि त्या दिवशी बसायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हे जास्तच पाळा. इन्सुलिन त्या सकाळी मांडीत टोचू नका. तासभर मांडी चेपली जाते आणि इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरतं. पोटावर टोचण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

हृदयाच्या रुग्णांपैकी बरेच जण मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेतात. तिच्यामुळे साखर उतरल्यावर येणारी थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. टेबलवर पडल्या पडल्या कपाळाला घाम फुटला तर लगेच "थांबवा" म्हणा.

लघवीला जाऊन या, अगदी शेवटच्या मिनिटाला. पायांतलं रक्त वर आल्यावर लघवीची घाई होते, आणि मधे उठायचं म्हणजे सगळं सोडून परत बांधायचं. सकाळी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का ते विचारा. गोळी परस्पर बंद करू नका.

रक्तदाब रोज आधी मोजतात, वर असेल तर परत पाठवतात. आपल्याकडे खारे बांगडे, सुकट, पापड, कैरीचं लोणचं यांतून किती मीठ पोटात जातं त्याचा आपण हिशेब ठेवत नाही. सात आठवडे खारवलेलं बंद ठेवा. ताईच्या सासूबाईंनी मला आग्रहाने सुक्या सोड्यांची आमटी वाढली आणि दुसऱ्या दिवशी माझा तास बुडाला. नुसत्या आमटीनेच दाब वाढला असं मी म्हणत नाही, पण तेव्हापासून मी हात जोडून नको म्हणायला शिकले.

मशीनच्या पडद्यावर बोटाच्या चिमट्यातून आलेल्या दोन लाटा दिसतात. पहिली तुमच्या हृदयाची, दुसरी पट्ट्यांनी उठवलेली. दुसरी पहिलीएवढी किंवा तिच्याहून उंच व्हावी असा प्रयत्न असतो. मधुमेहींच्या कडक नळ्यांत सुरुवातीला ती ठेंगणीच राहते, त्याने खट्टू होऊ नका. माझी तिसऱ्या आठवड्यात वर यायला लागली. तंत्रज्ञाला रोज विचारा, दाखवायला लावा. विचारणाऱ्या पेशंटचे पट्टे ते नीट बांधतात असा माझा अनुभव आहे.

पहिला आठवडा अंग मोडून येतं, कंबर धरते, घरी येऊन दोन तास झोप लागते. कमरेखाली पातळ उशी मागा. दुसऱ्या आठवड्यापासून बरं वाटू लागतं.

टेबलवर छातीत दुखलं, दम लागला, पाठीत कळ आली तर हात वर करा, मशीन क्षणात थांबतं. जिभेखालची गोळी पदराला बांधल्यासारखी जवळ असू द्या. घरी असताना छातीत दुखून गोळीने पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन लावा. दुसऱ्या दिवशीच्या तासाची वाट बघू नका.

९. फसू नका

"नैसर्गिक बायपास", "विनाऑपरेशन ब्लॉक साफ" असे फलक दिसतील. ईईसीपीने नळीतला साचलेला थर खरवडून निघत नाही. त्रास कमी होतो, चालणं वाढतं, आणि ते फार मोलाचं आहे, पण ब्लॉक गायब झाला म्हणणाऱ्याला आधीची आणि नंतरची अँजिओग्राफी शेजारी ठेवून दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट गावागावांत दिसते. हॉलमध्ये खुर्च्या मांडून पायाखाली थरथरणारं यंत्र देतात, आठ-दहा दिवस फुकट बसवतात आणि शेवटी तेच यंत्र विकतात. "रक्ताभिसरण वाढतं, शुगर जाते." पायात गुंडाळायचे हवेचे बूटही मिळतात. ते सूज उतरवायला किंवा ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर वापरतात, पण ते हृदयाच्या ठोक्याशी जुळवलेले नसतात. ती ईईसीपी नव्हे. ईसीजीचे बिल्ले लावल्याशिवाय कोणी ईईसीपी देत असेल तर उठून या.

आणि गोळ्या. आठव्या-दहाव्या तासाला बरं वाटू लागतं आणि मन म्हणतं, आता एक गोळी कमी करूया. माझ्याच बरोबरच्या एका काकांनी रक्त पातळ ठेवायची गोळी स्वतःच बंद केली होती. डॉक्टरांनी चांगलंच खडसावलं. स्टेंट असलेल्यांनी तर हे स्वप्नातही आणू नये. साखरेचे आकडे खाली येऊ लागले तर इन्सुलिनचा डोस कमी करायला लागू शकतो, पण तो वहीतले आकडे बघून डॉक्टर करतील.

सेंटर निवडताना एवढं तपासा : तासभर तिथे डॉक्टर हजर असतात का, झटका देणारं यंत्र आणि ऑक्सिजन खोलीतच आहे का, पहिल्या दिवशी तुमचे पाय उघडे करून कोणी बघितले का. पाय न बघता पैसे घेणाऱ्या एका ठिकाणाहून मी परत आले होते. ते माझं बरोबर ठरलं.

१०. कोर्स संपल्यावर

शेवटच्या दिवशी सगळ्या तासांचा तक्ता मागून घ्या : दाब, लाटांचं गुणोत्तर, रक्तदाब. तो तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाला लागेल. महिन्याभराने स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा सहा मिनिटांची चालण्याची चाचणी, तीन महिन्यांनी एचबीएवनसी.

बऱ्याच जणांचा फायदा वर्ष-दोन वर्षं टिकतो, काहींचा त्याहून जास्त, काहींना परत कोर्स लागतो. काहींना फारसा फरक पडत नाही, हेही खरं. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या आजींना पस्तीस तासांनंतरही जिना चढवत नव्हता, त्यांची औषधं पुन्हा बदलली.

मी रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, बंद चपला घालून पाखाडी चढते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आकडा लिहिते : कितीदा थांबले. आता बहुतेक चौकोनांत एक असतो, देवळाच्या गडग्यापाशी. कधी शून्य. लागोपाठ तीन दिवस दोन आला की मुलाला फोन न करता आधी डॉक्टरांना करायचा, असं ह्यांनी आणि मी ठरवून ठेवलं आहे. डॉक्टरांचा नंबर त्याच कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिला आहे, आणि त्याच्या खाली १०८.